दादाच्या पोटाला सोसेल असं दूध

ती. वहिनींच्या सेवेशी,

धाकट्या दिराचा दोन्ही हात जोडून (म्हणजे पेन दातात धरून) नमस्कार.

मायन्यावरच तीन कागद फाडले. पूर्वी मी डोळे मिटून 'सौ. वहिनी' असं लिहायचो. ते अक्षर आता लिहिता येत नाही, आणि त्याच्या जागी जो शब्द लिहायची रीत आहे, तो लिहायला हात धजत नाही. तो शब्द बँकेच्या पाकिटांवर असतो, घरच्या पत्रावर कसा लिहायचा? शेवटी 'ती.'वर भागवलं. तुम्ही मला अकराव्या वर्षापासून पाढे, शिस्त आणि पाठीत धपाटे असं तिन्ही पुरवलंत, तेव्हा तीर्थस्वरूप म्हणायला हरकत नसावी.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेता ना, की दुपारी आठवली की घेता? माझी पुतणी (म्हणजे तुमची लेक, उगाच दुसऱ्या कुणाची चौकशी करतोय असं वाटायला नको) नोकरीत रुळली का? ती मला फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवते. मी दोन पानं लिहून पाठवली तरी अंगठा, मला ताप आला असं कळवलं तरी अंगठा. ही हल्लीची रीत असेल, माझी तक्रार नाही. इकडे मी खुशाल आहे. उत्तराची घाई मुळीच नाही, सवडीने लिहा.

आता गेल्या चार वर्षांत मी इथे नेमकं काय केलं, हे तुम्हाला एकदा नीट सांगायचं आहे. शेजारच्या बाईंनी विचारल्यावर तुम्ही 'तो जंतू उकळतो' असं सांगता, असं कानावर आलं. ते तसं खोटं नाही, पण त्याने माझी अब्रू वाढत नाही.

तर ऐका. जमिनीतून उकळतं पाणी वर येतं, अशा जागा असतात. चिखल रटरटत असतो, वास असा की नाक धरावं. त्या पाण्यात हात घातला तर कातडी सोलून निघेल, आणि त्यातच काही सूक्ष्म जीव मजेत नांदत असतात. त्यांना आपली हवा मानवत नाही, गारठतात बिचारे. या मंडळींच्या पोटात साखर तोडणारा एक एन्झाइम असतो (शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणायचे, मला तेव्हा तो विकार वाटायचा). एन्झाइम म्हणजे एका कामापुरता नेमलेला कारागीर. याचं काम दुधातल्या साखरेचे दोन तुकडे करणं. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात हा कारागीर वय वाढलं की रजेवर जातो, मग दूध प्यायलं की पोट फुगतं, गुरगुरतं, आणि माणूस लोकांतून उठून घाईने आत जातो.

दादाचं पोट तुम्हाला मी सांगायला नको. पुतणीच्या बारशाला चार घोट दूध पिऊन तो पाहुण्यांत बसला होता आणि पोट असं वाजलं, की कुणीतरी खिडकीबाहेर डोकावून ढग पाहिले. तरी त्याला दूध प्रिय. चोरून प्यायचा, आणि मिशीला लागलेलं पुसायला विसरून 'मी नाही' म्हणायचा. मी इकडे निघालो त्या दिवशी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, "तू तिथे जाऊन एवढं काय करणार आहेस?" मी म्हटलं, "दादा, तुझ्या पोटाला सोसेल असं दूध करतो." तो म्हणाला, "मग जा. पेलाभर घेऊनच ये." तुम्ही मागे उभ्या राहून माझ्या डब्याचं झाकण बसवत होतात, तुम्ही ऐकलं नसेल.

हिशोब सोपा होता. साधा एन्झाइम दूध तापवलं की मरतो. अंड्याचा पांढरा बलक कढईत कसा गोठतो, तसं त्याचं होतं, आणि गोठलेल्या बलकाचं पुन्हा अंडं होत नाही. हा उकळत्या पाण्यातला कारागीर मात्र दूध तापत असतानाच कामाला लागेल, साखर तोडेल, आणि दूध निवलं की हात झटकून गप्प बसेल. आम्ही त्याची कृती एका साध्या, पाळीव जीवाणूला शिकवली. मग तो जीवाणू फोडून सगळा रस्सा गरम पाण्यात ठेवायचा. त्याची स्वतःची झाडून सारी प्रथिनं गोठून तळाशी बसतात आणि आपला गडी तेवढा वरच्या नितळ पाण्यात उरतो. इतकं सोपं गाळण तुम्हीही चहाचं करत नसाल.

गाळला. आणि तो काही करेना! आमच्याकडे एक नकली साखर असते, ती तुटली की पाणी पिवळं होतं. मी रोज सकाळी नळ्या भरायचो, अंगाला सोसेल अशा कोमट कपाटात ठेवायचो आणि संध्याकाळी पाहायचो. पाणी आपलं पाणीच. असं पाच महिने. आमचे साहेब (त्यांना सगळे 'बघूसाहेब' म्हणतात, कारण पगारवाढ असो, आग असो, त्यांचं उत्तर एकच) नळी उजेडाकडे धरून म्हणायचे, "बघू." पाचव्या महिन्याच्या अखेरीस मी अहवालात लिहून टाकलं की एन्झाइम मृत आहे, आणि नळ्यांची घोडी धुण्याच्या मोरीवर ठेवून दिली.

आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या एक काकू आहेत. साठीच्या, ठेंगण्या, कानांनी जरा जड. त्या बरण्यांशी बोलतात. 'तुला कोणी गं एवढं खरकटं केलं' असं त्या एका चंबूला विचारत होत्या, ते मी स्वतः ऐकलंय. (हसू नका. पुढे मीही बोलायला लागलो.) तर काकूंनी त्या नळ्यांत साधं पाणी आहे असं समजून ती घोडी वाळवणीच्या भट्टीत सरकवून दिली. भट्टी असते नव्वद अंशांच्या आसपास. पंधरा मिनिटांत त्या माझ्या टेबलाशी हात पुसत आल्या.

"साहेब, तुमचं पाणी पिवळं झालंय. मी काही केलेलं नाही."

"कुठलं पाणी?"

"ते मेलेलं."

मी पळालो. वहिनी, हळदीत बुडवल्यासारख्या नळ्या! तो मेलेला नव्हता हो, त्याला थंडी वाजत होती. पाच महिने मी एका धडधाकट कामगाराला बर्फाच्या लादीवर बसवून 'काम कर, काम कर' म्हणत होतो. उकळत्या पाण्यातला जीव कोमट कपाटात कशाला हातपाय हलवेल, ही गोष्ट नऊ वर्षं शिकलेल्या माणसाला सुचली नाही आणि काकूंच्या हातून चुकून झाली. मी अहवाल दुरुस्त केला आणि त्यात काकूंचा उल्लेख केला. बघूसाहेबांनी तो खोडला. पहिल्यांदाच ते 'बघू' म्हणाले नाहीत, 'असं नसतं' म्हणाले.

आता जरा घराबद्दल. खोली छान आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि ती चांगली रंगवलेली आहे. आल्यावर एक खुर्ची घेतली होती. मग वाटलं, कोणी आलं तर? म्हणून दुसरी घेतली. तिच्यावर आता माझी पिशवी बसते. न्हाव्याकडे मी पंधरवड्याला जातो, कारण तो बोलका आहे आणि 'कसं काय' असं विचारतो. पण डोक्यावरचं पीक मुळात तोकडं, तेव्हा परवा त्याने कात्री हवेत तशीच धरून विचारलं, "साहेब, कापू काय?" मी म्हटलं, कानामागचं बघा. त्याने बराच वेळ बघितलं, सज्जन माणूस आहे. मागे फोन कंपनीच्या एका मुलीने आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का असं विचारायला फोन केला. मी तिला बावीस मिनिटं समाधान सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "सर, फक्त एक ते पाच आकडा सांगायचा असतो."

रविवारीही मी प्रयोगशाळेत जातो. काम असतं असं नाही. गरम पाण्याची टाकी घूं घूं करत असते, तेवढीच घरात कोणीतरी असल्यासारखी सोबत.

असो. दुसऱ्या वर्षी एन्झाइम दिसतो कसा, ते पाहायचं ठरलं. तो डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकालाही नाही. त्याचे स्फटिक करायचे, खडीसाखरेसारखे, आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. किरण विखुरून जे ठिपके उमटतात, त्यावरून आत काय कुठे आहे याचा हिशोब मांडायचा. स्फटिक करण्याची रीत अशी की काचेवर एन्झाइमच्या पाण्याचा एक थेंब उलटा टांगायचा आणि कित्येक आठवडे त्याला हात लावायचा नाही. धक्का नको, उष्मा नको, कोणी दार आपटायला नको. मी आठशे थेंब टांगले. जपून पावलं टाकायला लागलो. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचो. काकू तिकडून जाताना चपला हातात घ्यायच्या.

नवव्या आठवड्यात एका थेंबात चमकलं. टोकदार, देखणे, हिऱ्यासारखे खडे! मी ओरडलो. सगळी प्रयोगशाळा जमली. मी बाहेर धावत जाऊन सगळ्यांसाठी गोड आणलं, काकूंना दोनदा वाढलं. बघूसाहेबांनी पाठीवर थाप मारली, आणि त्यांची थाप कोणी कधी पाहिली नव्हती. चार दिवसांनी खडा यंत्रापुढे ठेवला. यंत्र सांभाळणारा माणूस मितभाषी. त्याने ठिपके पाहिले, दुसरा खडा सुईने दाबला, 'कट्' असा आवाज झाला. एन्झाइमचा स्फटिक मऊ असतो, सुई लावली की लोण्यासारखा चुरतो. हा कडक होता.

"मीठ आहे," तो म्हणाला.

मी ज्या पाण्याचे थेंब टांगले होते, त्यातलंच मीठ. साखरेच्या मागे दोन वर्षं धावलो आणि हाती मीठ लागलं. आता माझ्या पाठीमागे मला काय म्हणत असतील ते सांगत नाही, पण चवीला तो शब्द खारट आहे.

खरे स्फटिक आले ते त्यानंतर अकरा महिन्यांनी, गुपचूप, दिसायला ओबडधोबड. कोणाला गोड वाटलं नाही. सुई लावली, चुरला. तेव्हा मी बाकावर बसलो आणि उठलोच नाही बराच वेळ.

तो दिसतो कसा, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. पिंपाच्या फळ्या जशा गोल उभ्या असतात, तशा आठ पट्ट्या गोलाकार उभ्या, आणि त्यांच्या बाहेरून आठ वेटोळी. पिंपाच्या तोंडाशी एक खोल खळगा. दुधातली साखर बरोबर त्या खळग्यात उतरते, दुसरं काही तिथे मावत नाही. आत दोन बाजूंना दोन टोकं तिची वाट पाहत असतात. एक तिला धरतं, दुसरं पाण्याचा कण पुढे करतं, आणि जोड सुटतो. एवढंच. दर सेकंदाला शेकडो वेळा, न दमता. आणि अशी चार पिंपं एकमेकांना चिकटून असतात. एकाचा धन भार, दुसऱ्याचा ऋण, असे कितीतरी आकडे एकमेकांत अडकवलेले. त्या बळावर तो उकळत्या पाण्यात टिकतो. आम्ही मुद्दाम चारही सुटी करून पाहिली. एकटं पिंप साठ-सत्तर अंशांतच गोठलं. (यावर बघूसाहेबांनी तीन पानी टिपण लिहिलं. मी काही लिहिलं नाही.)

आमचा लेख छापून आला. त्यात आठ नावं आहेत. माझं सातवं. आठवं साहेबांचं, ते शेवटी असणं मानाचं असतं म्हणतात, तेव्हा मी मानाच्या अगदी शेजारी आहे.

मग गेल्या महिन्यात मी दूध केलं. एक लिटर. स्वच्छ गाळलेला एन्झाइम, थेंब मोजून, दूध मंद आचेवर तापवून. प्रयोगशाळेत काही खायचं-प्यायचं नाही असा कडक नियम आहे, म्हणून सगळं खोलीवर, घरच्या पातेल्यात. निवल्यावर पेल्यात ओतलं. चव घेतली, गोड लागलं. साखर न घालता गोड. ती मूळची साखर तुटली की तिचे तुकडे जास्त गोड लागतात, हे मला ठाऊक होतं, तरी जीभ चकित झाली. सगळा पेला प्यायलो. मग पोटावर हात ठेवून दोन तास बसून राहिलो. काही झालं नाही. आनंदाने वहीत लिहायला घेतलं, 'पोटाला कोणताही त्रास नाही', आणि मध्येच पेन थांबलं. माझ्या पोटाला दुधाचा त्रास कधी नव्हताच, वहिनी. म्हणजे या प्रयोगातून काहीही सिद्ध झालं नाही. ज्या पोटावर तपासायचं, ते पोटच राहिलं नाही.

उरलेलं दूध दुसऱ्या दिवशी काकूंना नेऊन दिलं. त्यांनी विचारलं, कोणासाठी केलंत? मी म्हटलं, भावासाठी. "मग त्यांनाच द्या की," त्या म्हणाल्या. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पुन्हा काही सांगितलं नाही. त्यांनी ते तिथेच उभ्याने प्यायलं आणि भांडं धुऊन परत दिलं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक देत जा. पुतणीला आशीर्वाद, आणि तिच्यासारखाच एक अंगठा.

आपला आज्ञाधारक (हे तुम्हाला पटणार नाही, पण लिहायची पद्धत आहे),
धाकटा

ता. क. : लिहायचं राहिलंच. एन्झाइमचं सगळं कळलं म्हणून आमचं खातं गुंडाळलं. काम नीट केलं की काम संपतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. बघूसाहेबांना विचारलं, माझं पुढे काय? तुम्ही ओळखलंच असेल ते काय म्हणाले. दोन्ही खुर्च्या काकूंना दिल्या.

आणखी ता. क. : हे विमानात लिहितोय, शेजारचा झोपला आहे. मिठाच्या खड्यांची गोष्ट मी वर मजेत सांगितली. त्यातला एक तुकडा गाळला. सगळ्यांना गोड वाटत होतो, तेव्हाच पुतणीचा फोन आला की दादा गेला. मी तुम्हाला कळवलं, की विमानात जागा नाही. जागा होती वहिनी, खिडकीजवळची होती. तिकीट काढलं होतं, बॅग भरून दाराशी दोन तास बसलो होतो. स्फटिकांसाठी थांबलो असं मी पुढे स्वतःला सांगत आलो, तेही खोटं. घरात शिरल्यावर आतून 'आलास का रे' असं कोणी म्हणणार नाही, ते ऐकायला येण्याची माझी छाती झाली नाही. तुम्ही एकट्यांनी सगळं केलंत. पुतणीने सांगितलं, की तुम्ही तीन दिवस जिन्यात पाऊल वाजलं की दाराकडे बघत होतात. हे मी सव्वादोन वर्षं सोबत घेऊन फिरतो आहे. माफ करा असं लिहिण्याइतकाही मी धीट नाही, म्हणून ते या ओळीत अर्धवटच आलं आहे.

शेवटचा ता. क. : अक्षर वाकडं आलं आहे, कारण कागद गुडघ्यावर आहे आणि गुडघा तुमच्याच जिन्यात, खालून अकराव्या पायरीवर. टपालाने पाठवायचं होतं, पण टपालापेक्षा मी आधी पोचलो. हे सगळं तोंडाने बोलायला गेलो असतो तर मी विनोदच केले असते, मला ओळखता तुम्ही. म्हणून बेल वाजवून पत्र तुमच्या हातात देईन आणि पुन्हा इथे येऊन बसेन. चष्मा लावून सावकाश वाचा. मागच्या खोलीत तुमचं शिवणाचं मशीन असतं, ते हलवायला नको, मी त्याच्या शेजारी मावतो. राहू का? नको असेल तर दार लोटून घ्या, मी समजेन, आणि पुतणीला बाहेरच भेटून जाईन. पण ती स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे उघडते, तिथून भांड्यांचा आवाज येतोय, आणि मला चार वर्षांत इतकी भूक लागलेली नाही. वहिनी, बॅग आत आणू का?